दोन वीत, चार बोटं

वाडी, चौसाळ्याजवळ
आषाढ वद्य ३, शके १८४६

सुंदरदादा,

नमस्कार आत्याच्या धाकाने लिहितो आहे. तुझी माय माझ्यासमोर भाकरी थापत बसली आहे आणि "आदी भावाला नमस्कार लिव्ह, मंग भांड" म्हणते आहे. तो झाला. आता भांडतो.

तुमच्या कचेरीतून माझ्या अर्जाचं उत्तर आलं. मी मागितलं काय होतं? मुलुखाचा एक छापील नकाशा आणि भिंतीवर लावायला चार मोठी चित्रं. उत्तर आलं की प्राथमिक शाळेला चित्रांची मंजुरी नाही, मुदर्रिसाने किताब मन लावून शिकवावी. मी इथला मुदर्रिस, मन लावूनच शिकवतो आहे. म्हणून तर माझं डोकं फिरलं आहे.

वर्गात काय चालतं ते ऐक. किताब उर्दू, पोरं कुणब्यांची आणि मेंढपाळांची, घरी एकाच्याही कानावर उर्दू पडत नाही. "दरिया पहाड से निकलता है" म्हणजे नदी डोंगरातून निघते, असं सगळी एका सुरात ओरडतात. मी म्हटलं, ह्यातला दरिया कुठे आहे ते दाखवा. एक पोर उठलं आणि त्याने किताबेतल्या त्या शब्दावर बोट ठेवलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांचं काय चुकलं? आपण त्यांना दरिया तेवढाच दाखवला आहे.

उर्दूशी माझं वैर नाही. मराठीत शिकवलं असतं तरी असंच घोकून घेतलं असतं. आठवतं का तुला? मी शिकायला तुमच्याकडे होतो आणि पंतोजींकडे आपण गोदावरीकाठची गावं पाठ करत होतो. तुझं एकही चुकत नसे, माझी रोज चुकत आणि रोज हातावर छडी. मग सुट्टीत तू आमच्याकडे, तुझ्या आजोळी आलास, घाटावर उभा राहिलास आणि आजीला विचारलंस, "ही कुठली नदी?" घरीदारी सगळे तिला गंगा म्हणत, पंतोजी गोदावरी म्हणत. दोन्ही एकच आहेत हे तुला कुणी दाखवलंच नव्हतं. त्या वेळी आम्ही पोट धरून हसलो होतो. आता मास्तर झाल्यावर त्याचं हसू येत नाही.

म्हणून मी कुणाची परवानगी न घेता भिंत रंगवली. शाळा भरते त्या धर्मशाळेच्या पडवीतली लांब भिंत आत्याने सारवून दिली. त्र्यंबकच्या डोंगरापासून नांदेडच्या पुढेपर्यंत निळीने गंगा काढली, गेरूचे डोंगर काढले, चुन्याच्या टिकल्यांनी गावं मांडली. एक वीत म्हणजे बैलगाडीचा एक दिवस, हे माप धरलं. गावांची नावं दोन्ही लिप्यांत लिहिली. पोरं भिंतीवर बोट ठेवून नदीतून चालत जातात आणि चालता चालता दरिया, पहाड, शुमाल म्हणजे उत्तर, जुनूब म्हणजे दक्षिण, सगळं तोंडाने म्हणतात. अर्थ विचारावा लागत नाही, बोटच सांगतं. सटवा मेंढपाळाची तीन पोरं कधी शाळेची पायरी चढली नव्हती. ती आता मेंढरं आईच्या, छबुबाईच्या हवाली करून रोज येतात आणि त्यांना घरी हाकलावं लागतं.

तुझ्या साहेबांच्या खुर्चीमागे केवढा नकाशा लटकतो ते मी पाहिलं आहे. साहेबांना बीड कुठे आहे ते रोज डोळ्यांनी बघावं लागतं, आणि ज्यांनी बीड जन्मात पाहिलं नाही त्या पोरांनी ते मनानेच ओळखायचं, हा कुठला न्याय? उत्तर दे, पण कचेरीच्या भाषेत देऊ नकोस.

बद्रीनाथ

*

बीड
आषाढ वद्य ११

बद्री,

तुझं पत्र मी घरी आणून वाचलं. कचेरीत वाचलं असतं आणि कुणाच्या हाती पडलं असतं तर तुझी नोकरी गेली असती आणि माझ्याकडेही बोट दाखवलं गेलं असतं. पुढे लिहिताना एवढं भान ठेव.

तू लहानपणापासून असाच. छडी खाशील, पण पाठ करणार नाहीस. पाठ केलेलं जन्मभर पुरतं, बद्री. चित्रं बघणारं पोर डोळे चालवतं, डोकं चालवत नाही. चित्र म्हणजे खेळ झाला. खेळायला पोरं येणारच, त्यात तुझी कसली कर्तबगारी? मी घोकून शिकलो आणि आज कचेरीत बसतो. घाटावरची ती गोष्ट तू गेली कित्येक वर्षं मला ऐकवतो आहेस. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

साहेब श्रावणात तुमच्या भागात दौऱ्यावर निघणार आहेत. ते येण्याआधी भिंतीला चुना मारून टाक. हे भाऊ म्हणून सांगतो आहे.

मायला सांग, दिवाळी झाली की तिला बीडला राहायला घेऊन येतो. घर बांधून झालं आहे. बैठकीला चांगला घोटीव चुना काढून घेतला आहे, साहेबांनीही नावाजला. आणि तिने माहेराचा धोशा परत लावला असेल तर तूच समजूत काढ. गंगाकाठ लांब आहे, ह्या वयात तिला झेपणार नाही. तुझं ती ऐकते.

सुंदरराव

*

वाडी
श्रावण शुद्ध ८

दादा,

तुझ्या कचेरीत आत्तापर्यंत बोभाटा झालाच असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण तिथे जे पोचलं असेल ते अर्धं असणार.

नागपंचमीची सुट्टी म्हणून मी कपिलधारला गेलो होतो. इकडे आदल्या रात्री पाऊस झाला आणि ओढा भरून वाहू लागला. वारूळ ओढ्याच्या पलीकडे. बायका ताटं घेऊन काठावर अडकल्या. परत फिरताना धर्मशाळेशी आल्या आणि पडवीत त्यांना माझी भिंत दिसली. निळा, वळणावळणाचा, भिंतभर लांब. त्र्यंबकच्या डोंगराचा त्यांना फडा दिसला, चुन्याच्या टिकल्या खवल्यांसारख्या दिसल्या. एका बाईने पहिलं कुंकू लावलं. कुणी ते विचारू नकोस. तिच्या मागून सगळ्यांनी लावलं.

मी आलो तेव्हा पैठणवर हळद होती, नांदेडवर कुंकू होतं, खाली लाह्यांचा सडा होता आणि दुधाचा ओघळ गेवराईवरून जमिनीपर्यंत आला होता. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अहो, ही गंगा आहे, हा भूगोल आहे. गावातल्या मोठ्या घरची रतनबाई मला म्हणाली, "आसंल गंगा. पर आता पुजलंय न्हवं? पुजलेल्याला कुनी हात लावायचा न्हाई." तिथे दिवा लागला. पोरं जवळ गेली की ती हाकलते. मेंढपाळांच्या पोरांना तर ती पडवीच्या पायरीवरच अडवते. ज्या भिंतीवर बोट ठेवून पोरं शिकत होती त्या भिंतीला बोट लावायचं नाही. मग पोरांनी करायचं काय, आरती?

दुसऱ्याच दिवशी तुझे साहेब आले. त्यांनी पोराला विचारलं, गोदावरी कहाँ से निकलती है. पोराला येत होतं. ते सवयीने उठलं आणि बोट घेऊन भिंतीकडे गेलं. दारातून रतनबाई ओरडली, "लांब हो, इटाळ करशील." पोर तिथेच थिजलं. त्याने बोट मुठीत मिटलं आणि ते खाली बसलं. साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दिव्याकडे, आणि वहीत लिहिलं की पोरांना काही येत नाही आणि सरकारी शाळेत नाग पुजला जातो.

मी उर्दूत सांगितलं, हात जोडून सांगितलं, शेवटी आवाज चढवून सांगितलं. ते घोड्यावर बसून निघून गेले. दादा, मला साहेबांचा जेवढा राग आला त्याच्या दुप्पट गावाचा आला. एकाला माझी भिंत पुसायची आहे आणि दुसऱ्याला पुजायची आहे. वाचायची कुणालाच नाही. सटवाची पोरं आज आली नाहीत.

तू कचेरीत आहेस. तिथे कुणाला खरं सांगायचं धाडस व्हायचं असेल तर ते तुला व्हावं, एवढी एकदा मागणी करतो.

बद्री

*

बीड
श्रावण पौर्णिमा

बद्री,

मी तुला चुना मारायला सांगितलं होतं. तू कपिलधारला गेलास. आता भोग.

हुकूम ह्या पत्राबरोबरच निघतो आहे. भिंत पांढरी करायची, दिवा काढायचा, आणि तुझी बदली आष्टीकडच्या एका वस्तीवर. पोळ्यापर्यंत गावाने स्वतः चुना मारला नाही तर इथून शिपाई येईल. तुझ्यापासून लपवत नाही, हुकूम माझ्या हातचा आहे. साहेबांनी तोंडी सांगितलं आणि मी लिहिला. दुसऱ्या कुणी लिहिला असता तर त्यात बडतर्फी आली असती. ती मी येऊ दिली नाही. तुला ह्याचे आभार मानायचे नसतील तर मानू नकोस, पण मला धाडस शिकवू नकोस.

आणखी एक काम आहे. साहेबांना जबाब हवा आहे. पहिलं कुंकू कुणी लावलं, तिचं नाव. असली कोण ती अडाणी बाई, जिला नदी आणि नाग ह्यांतला फरक कळत नाही? तिला चावडीवर उभी करून चार माणसांत समज द्यायची आहे, म्हणजे पुन्हा कुणी सरकारी शाळेत देव मांडणार नाही. तू नाव दिलंस तर दोष तिच्याकडे जाईल आणि तुझ्यावरचा डाग निघेल. उलट टपाली कळव.

सुंदरराव

*

वाडी
श्रावण वद्य ४

सुंदरराव,

दादा लिहवत नाही आज.

तू माझ्या भिंतीवर स्वतःच्या हाताने चुना ओढलास आणि वर सांगतोस, ब्रश मीच धरला म्हणून थोडक्यात वाचलास. तुझी ही युक्ती पंतोजींच्या शाळेतली आहे. तिथेही छडी आणायला तूच उठायचास आणि म्हणायचास, बारीक निवडून आणली.

गाव चुना मारणार नाही. मी स्वतः चुन्याची बादली घेऊन उभा राहिलो होतो, कारण ज्याला हात लावता येत नाही ती भिंत काळी काय आणि पांढरी काय. बायकांनी बादली ओतून दिली. म्हणाल्या, पुजलेलं पुसलं तर गावात साप निघतील. मी त्यांना म्हटलं, तुम्ही पोरांच्या हातातली गंगा काढून घेतलीत. त्या म्हणाल्या, पोरांना किताब आहे की. बघ, तुझं आणि त्यांचं कसं जुळतं.

आता तुझ्या जबाबाचं. नाव हवं आहे? असली कोण ती अडाणी बाई, असं विचारलंस ना? तिला चावडीवर चार माणसांत उभी करायची आहे?

ती तुझी माय आहे.

पहिलं कुंकू आत्याने लावलं. त्या दिवशी ताट घेऊन सगळ्यांच्या पुढे तीच होती. मी नाव लपवलं ते तिची लाज राखायला. तुझी लाज राखायचं आता काही कारण उरलं नाही. आणि तिला नदी आणि नाग ह्यांतला फरक कळला नाही म्हणतोस, तर घाटावर उभा राहून ही कुठली नदी विचारणारा तू कोण होतास? तू तर शाळेतून आला होतास. ती कधी गेलीच नाही.

लिही नाव. तुझं अक्षर चांगलं आहे.

बद्रीनाथ

*

बीड
श्रावण वद्य ९

बद्री,

मायला ह्यात ओढू नकोस. तिचं नाव जबाबात आलं तर साहेब मला खुर्चीवरून उठवतील, आणि मग तुझ्यासाठी शब्द टाकायला इथे कुणीही उरणार नाही. डोकं थंड करून विचार कर.

त्या वेळी तिथे सटवा मेंढपाळाची बायको होती ना, छबुबाई? तिचं नाव घाल. पालावरची माणसं आहेत, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली उतरून जातील, कोण त्यांना शोधत येणार आहे? फार तर चावडीवर दोन शब्द ऐकून घेईल. त्यांना त्याची सवय असते.

मायला ह्यातलं काही सांगू नकोस.

सुंदरराव

*

वाडी
पोळ्याच्या आदल्या दिवशी

सुंदऱ्या,

मी सांगते, बद्री लिव्हतोय. मी म्हनले तसंच लिव्ह म्हनलंय त्याला. सुधारून लिव्हलं तर आज भाकर भेटनार न्हाई.

तुजं पत्र मी त्याच्याकून वाचून घेतलं. तो वाचंना, मी सोडलं न्हाई. छबूचं नाव घाल म्हनतूस? कावून? तिनं कुकू लावलं का? ती बिचारी लांब हुबी व्हती, रतनबाईनं तिला पायरी चढू दिली न्हाई. मी केलेलं तिच्या माथी मारतूस, आन म्हनतूस त्यान्ला सवय आस्ती. हे कुन्या साळंत शिकलास बाबा? आमच्या घरात तर कुनी शिकिवलं न्हाई.

कुकू म्या लावलं. वड्याला पानी व्हतं, वारुळाला जाता येईना. भितीवर निळं दिसलं, फडा दिसला, लावलं. मला काय ठावं? मला आजवर कुनी काई दावलं व्हतं?

मंग येक दिस दिवा पुसाया गेलते. बद्री येकलाच बसला व्हता तोंड पाडून. म्हनलं, तू गंगा म्हनतूस न्हवं, तर माजं माहेर कुठं हाय हितं? त्यानं येका टिकलीवर बोट ठिवलं. माजा ईस्वास बसंना. म्हनलं, आन आपली वाडी? ती बी दावली. म्हनलं, मधी किती? तर म्हनला, आत्या, वीत लाव. येक वीत म्हंजी गाडीचा येक दिस.

लावली. वाडीपून बीडाला येक वीत. बीडापून गेवराईला येक. तिथून गंगंला चार बोटं. मला वाटलं चुकलं. पुन्ना लावली. पुन्ना तितकीच.

सुंदऱ्या, मी ल्हान पोर व्हते तवा ह्या घरात आले. गाडीत रडून रडून निजले, उठले तर सासर. मला वाटायचं, माहेर मुलखाच्या पल्याड हाय. तुजा बाप म्हनायचा, लई लांब हाय. मंग तू म्हनाया लागलास, लई लांब हाय. बद्रीचा बाप, माजा पाठचा भाऊ, आजारी पडला, सांगावा आला. म्या लुगडं बदललं, गाठुडं बांधलं. तू दारात हुबा राहून म्हनलास, माय, तू पोचायच्या आत समदं सरलं असंल, उगं कावून जिवाचे हाल करतीस. म्या गाठुडं सोडलं. आन माजा भाऊ त्याच्याफुडं आठवडाभर जित्ता व्हता. बद्रीनं मला ते कदी सांगितलं न्हाई. त्या दिवशी भितीफुडं म्या ईचारलं तवा सांगितलं. दाराकडं बघत व्हता म्हने.

हितं बद्रीचा हात थांबलाय. लिव्ह म्हनलं त्याला.

दोन वीत आन चार बोटं. तेवढ्यापायी मला माजा भाऊ दिसला न्हाई. मी अडानी, मला कुनी लांब म्हनलं की लांब. पर तू शिकलेला. तुज्या सायबाच्या खुर्चीमागं हेच मोठं करून लटकिवलंय म्हनं. येवढ्या सालात तुला येकदा बी वाटलं न्हाई का, बघावं माजी माय कुठली ते?

मंग म्या काय केलं ते ऐक. पदर वला केला आन कुकू पुसलं. हळद पुसली. रतनबाई धावत आली, वरडली, साप निघंल, पाप लागंल. म्हनलं, रतनबाई, ही गंगा हाय. गंगंत समदे उतरत्यात. मेंढरं बी पानी पित्यात आन बामन बी आंगूळ करतो. तिथं कुनी कुनाला इटाळ ईचारत न्हाई, तर हितं कसला? मी गंगंकाठची हाय, तू मला सांगू नगंस. पायरीवरनं बाजूला झाली. छबूच्या पोरान्ला मीच हाक मारून आनलं आन म्हनलं, लावा बोटं. लावली त्यांनी.

आता तुजा शिपाई येऊ दे. भितीला चुना मारायचा तर मार, माजं बघून झालंय, आन पोरांचं बी झालंय. पर जबाबात नाव माजंच घालायचं. मुक्ताबाई. आन म्होरं लिव्हायचं, सुंदररावाची माय. छबूचं घातलंस तर मी सोता तुज्या कचेरीच्या दारात बसंन.

दिवाळीनंतर न्यायला येऊ नगंस. मी बीडाला ऱ्हायला येनार न्हाई. बीड वाटंतलं गाव हाय.

तुजी माय

*

वाडी
भाद्रपद शुद्ध ६

सुंदरराव,

काल तुमचा शिपाई येऊन चुना मारून गेला. पोरं समोर मांडी घालून बसली होती. पहिला हात पैठणवर पडला, मग गेवराई गेली, मग शेवटी त्र्यंबक. शिपाई बिचारा भला माणूस, मधेच म्हणाला, "मास्तर, चांगलं काढलं व्हतं हो." मी त्याला म्हटलं, हे जाऊन कचेरीत सांग. तो म्हणाला, "आमचं कोन ऐकतंय." मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण त्याचा काय दोष?

मी उद्या आष्टीकडे निघतो. निळीची पुडी बरोबर घेतली आहे. तिथेही भिंत असेलच. तिथेही तुमचा शिपाई पाठवा, त्याला वाट सापडावी म्हणून मी नकाशा काढून ठेवीन.

माझा राग गेला आहे असं समजू नकोस. तुझ्या हुकुमाचा गेला नाही आणि माझ्या बापाच्या दारातला तर मुळीच नाही. तो तुझ्या घरापर्यंत यावा म्हणून मी काही करणार नाही, कारण तो आपल्या पायांनी निघाला आहे. गावातल्या सुग्रीवची गाडी गेवराईच्या बाजाराला जाते आहे, आत्या तिच्यात बसली. मी बरोबर येतो म्हणालो तर म्हणाली, "तुजी वाट तिकडं हाय, माजी इकडं. मला रस्ता ठावं झालाय." गाडी बीडात मुक्कामाला थांबेल. दार उघडं ठेव.

बद्रीनाथ

*

बीड
भाद्रपद शुद्ध १०

बद्री,

माय आली. संध्याकाळी दारात गाडी थांबली. जेवली, माझ्या लेकीला, अंजनाला जवळ घेऊन झोपली. मी दोनदा बोलायला गेलो. तिने पाठ फिरवली. तुझ्या पत्रांमधल्या सगळ्या शिव्या एकीकडे आणि ती पाठ एकीकडे.

सकाळी गाडी जुंपली तेव्हा मी तिला म्हणालो, माय, गंगेला पाणी आहे, वाटेत चिखल आहे, लांब पडेल. हे सवयीने तोंडातून गेलं. बोलल्यावर कळलं की मी काय बोललो. अंजनाने विचारलं, आजी, तू कुठं चाललीस? तेव्हा माय परत आत आली, चुलीतला कोळसा घेतला आणि माझ्या बैठकीच्या भिंतीपुढे बसली. नव्या, घोटीव चुन्याच्या भिंतीपुढे. खाली एक टिकली काढून म्हणाली, ही वाडी. वीत लावली, म्हणाली, हे बीड, हितं तुजा बाप ऱ्हातो. पुन्हा वीत लावली, म्हणाली, ही गेवराई. मग चार बोटं मोजली आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाकडीतिकडी जाड रेघ ओढली. "आन ही गंगा. हितं माजं माहेर." अंजनाला म्हणाली, वीत लावून बघ. तिची वीत लहान, तिला जास्त लागल्या. माय हसली. एवढंच तिचं हसू मी पाहिलं. मग गाडीत बसून गेली.

त्या दिवशी साहेब येण्याआधी मी कचेरीत त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो. तो नकाशा मी रोज पुसून घेतो. त्यावर आमची वाडी नाही. आजोळही नाही. वीत कुठून लावायची तेच मला कळेना.

जबाब लिहून दिला आहे. नाव मुक्ताबाई, पुढे माझी माय. छबुबाईचं नाव कुठेही नाही. साहेबांनी वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, ह्याबद्दल घरी येऊन बोलतो. तुझ्या बदलीबद्दल आता माझा शब्द चालेल असं वाटत नाही. माझंच काय होईल ते मला माहीत नाही. तू मला धाडस शिकवू नकोस असं मी लिहिलं होतं. तो राग माझा अजून आहे, पण तो तुझ्यावर आहे की कुणावर हे मला नीट सांगता येत नाही.

अंजना रोज शाळेतून आली की त्या रेघेवर बोट ठेवते आणि विचारते, आजी आत्ता कुठवर पोचली असेल? मला तिच्याशेजारी बसून बोट ठेवून दाखवावं लागतं. काल तिने विचारलं, बाबा, तुम्ही इथे कधी गेला होता का? मी म्हटलं, लहानपणी गेलो होतो. ती म्हणाली, मग नदी कशी आहे? मला सांगता आलं नाही.

साहेब उद्या चहाला येणार आहेत. बायकोने सकाळपासून दोनदा ओलं फडकं आणून माझ्या हातात दिलं. मी ते दोन्ही वेळा परत दिलं आहे.

सुंदर